बोटीची सहल आणि घरातील ‘मोठी’ मुले

‘बोट’ म्हटले की आमच्या सासूबाईंना भाऊचा धक्का आठवतो. कोकणात जाणारी आगबोट, डेकवर पसरलेली सतरंजी, डब्यातला दहीभात आणि कपाळाला चोळलेले अमृतांजन. आमच्या मुलीला बोटीबद्दल एकच प्रश्न पडतो : तिथे वायफाय आहे का? या दोघींना एकाच जहाजावर आठवडाभर सुखाने ठेवायचे, तेही कर्ज न काढता, हा या लेखाचा विषय आहे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, तेव्हा या देशात येणारा बहुतेक प्रत्येक मराठी माणूस बोटीनेच आला होता. दोन-तीन आठवड्यांचा तो प्रवास शिक्षणासाठी किंवा पोटासाठी असे, हौसेसाठी नव्हे. आता मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी ‘तुम्ही क्रूझ केलीत का?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्यांची मुले बहुधा तेरा ते सतरा या वयाची असतात. लहानपणी दर उन्हाळ्यात भारतात आजोळी जाणारी ही मुले आता परीक्षा, मित्र आणि शनिवारची नोकरी यांत गुंतलेली असतात. दोन-तीन उन्हाळ्यांनी ती विद्यापीठात जातील. त्याआधी एकदा सर्वांनी मिळून कुठेतरी जावे असे आईवडिलांना वाटते आणि त्यासाठी ते पाच-सहा हजार पौंड खर्चायला तयार होतात. एवढा खर्च करून मुले रुसून बसली तर पैसे जातातच, पण उरलेल्या दोन-तीन उन्हाळ्यांतला एकही जातो.

आमची फसलेली सहल

आमची पहिली क्रूझ अशीच फसली. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या शाळेला ऑक्टोबरमध्ये दोन आठवड्यांची सुट्टी असते. इतर शाळा उघडलेल्या असताना पहिल्याच आठवड्यात निघालो तर भाडे जवळजवळ निम्मे पडत होते. आम्ही उभयतांनी एका रात्रीत हिशोब करून पैसे भरून टाकले आणि सकाळी मुलीला ‘आनंदाची बातमी’ दिली.

जहाज उत्तम होते आणि जेवणही चांगले होते. पण दीड हजार प्रवाशांत मुलीच्या वयाची मुले तीन, तीही तेरा वर्षांचे मुलगे. बिस्केच्या उपसागरात दोन दिवस जहाज हलत होते. ती केबिनमध्ये पडून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आई, इथे माझ्या वयाचं कुणीच नाही. तुम्ही मला एकदा विचारायचं तरी!” भाडे निम्मे पडले म्हणून आम्ही खुशीत होतो, पण ते निम्मे का पडले हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

या वयाच्या मुलांना जहाजावर सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांच्या वयाची इतर मुले. घसरगुंडी, सिनेमा आणि बंदरे त्यानंतर येतात. बाकीची सर्व आखणी या एका गोष्टीभोवती करावी.

आधी मुलांना विचारा

मुलांना ‘तुला काय आवडेल?’ असे विचारल्यास ‘काहीही’ हे उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी दोन किंवा तीन सफरी आपण निवडून त्यांच्यापुढे ठेवाव्यात. एकूण रक्कमही मोकळेपणाने सांगावी. आपल्याकडे मुलांपुढे पैशाचे बोलू नये अशी पद्धत आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाला घरचा खर्च कळायला हरकत नाही. बाल्कनीची केबिन घेतली तर किनाऱ्यावरची एक सहल कमी होईल, असे सांगितल्यावर आमच्या मुलीने क्षणात खिडकी नसलेली आतली केबिन निवडली! केबिनमध्ये ती फक्त झोपायलाच येणार होती.

शक्य असेल तर दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर जावे. मंडळातील दोन कुटुंबांची मुले एकमेकांना ओळखत असतील तर अर्धे काम तिथेच होते. मोठ्यांनाही पत्त्यांना भिडू मिळतो.

जहाज कसे निवडावे

सर्व जहाजे मुलांसाठी नसतात. पी अँड ओची आर्केडिया आणि अरोरा ही जहाजे फक्त प्रौढांसाठी आहेत. व्हर्जिन व्हॉयेजेसवर अठरा वर्षांखालील प्रवासी घेत नाहीत आणि सागा ही कंपनी पन्नाशीपुढील प्रवाशांसाठी आहे. उलट पी अँड ओचीच आयोना आणि आर्विया ही प्रत्येकी सुमारे ५,२०० प्रवाशांची जहाजे कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. रॉयल कॅरिबियन, एमएससी आणि डिस्ने यांची मोठी जहाजेही याच वर्गातील.

मुलांच्या क्लबांच्या वयोमर्यादा नीट पाहाव्यात. अनेक जहाजांवर १३ ते १७ असा एकच गट असतो. एमएससीवर १२ ते १४ आणि १५ ते १७ असे दोन गट आहेत. सतरा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांच्या मुलांबरोबर बसणे कमीपणाचे वाटते, म्हणून मोठ्या मुलांसाठी दोन गट असलेले जहाज बरे. बारा आणि पंधरा वर्षांची भावंडे असतील तर ती वेगवेगळ्या क्लबांत जातील हे त्यांना आधीच सांगावे. मुलाला प्रवासापूर्वी अठरावे वर्ष पूर्ण होत असेल तर त्याला मुलांच्या क्लबात प्रवेश नसतो. तो प्रौढ धरला जातो आणि बऱ्याचदा त्याचे भाडेही प्रौढाचेच लागते.

पैसे भरण्यापूर्वी एजंटला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. या तारखेला जहाजावर तेरा ते सतरा वयाची साधारण किती मुले असतात? आणि या वयाचा क्लब त्या सफरीवर रोज रात्री उघडा असतो की नाही? शाळा सुरू असताना काही सफरींवर क्लबचे तास कमी केलेले असतात.

केबिनबद्दल थोडेसे. चौघांसाठी एक केबिन घेतल्यास तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचे भाडे बहुधा कमी असते, पण रात्री छतातून उतरणारे पलंग आणि चौघांत एक न्हाणीघर अशी स्थिती होते. वाढत्या वयाची भावंडे असल्यास शेजारी शेजारी दोन आतल्या केबिन घेणे सोयीचे पडते. दोन्ही पर्यायांचे भाव मागवावेत. फरक कधी कधी वाटतो त्याहून कमी असतो.

तारीख : शाळा, परीक्षा आणि भाव

शाळेच्या सुट्टीत भाडे चढते, पण मुलेही तेव्हाच असतात. स्वस्त तारखेचा मोह पडला की आमचा ऑक्टोबर आठवावा!

शाळा बुडवून जाण्याचा हिशोबही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून दंडाचे नियम देशभर एकसारखे झाले आहेत. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की शाळेला दंडाचा विचार करावा लागतो. दंड प्रत्येक पालकामागे आणि प्रत्येक मुलामागे ८० पौंड असतो. तो २१ दिवसांत भरला नाही तर १६० होतो. दोन पालक आणि दोन मुले म्हणजे किमान ३२० पौंड. तीन वर्षांत दुसऱ्यांदा तसे झाले तर सरळ १६० चा दर लागतो आणि तिसऱ्यांदा प्रकरण न्यायालयात जाऊ शकते.

मधला मार्ग मात्र आहे. स्कॉटलंडमधील शाळा जूनअखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्यास उघडतात. जूनच्या शेवटी आणि जुलैच्या आरंभी भाडे इंग्लंडच्या सुट्टीइतके चढलेले नसते आणि जहाजावर स्कॉटिश मुले असतात. इंग्लंडमधील ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अकरावीत, म्हणजे जीसीएसईच्या वर्षात आहे, त्यांच्यासाठी हा काळ उत्तम. शेवटचा पेपर जूनच्या उत्तरार्धात संपतो आणि मूल मोकळे होते. अर्थात धाकट्या भावंडाची शाळा तेव्हा चालू असते हे विसरू नये.

आणखी एक तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी. ए लेव्हलचे निकाल ऑगस्टच्या मध्यावरील एका गुरुवारी लागतात आणि जीसीएसईचे त्यापुढील गुरुवारी. ए लेव्हलच्या निकालाच्या दिवशी विद्यापीठाची जागा हुकली तर क्लिअरिंगसाठी विद्यार्थ्याला सकाळपासून स्वतः फोन करावे लागतात. त्या दिवशी भर समुद्रात असणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे. सफर त्याआधी संपवावी किंवा नंतर सुरू करावी.

कोणता मार्ग?

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी साउदॅम्प्टनहून निघणारी सफर घ्यावी. विमानभाडे वाचते, सामानाच्या वजनाची कटकट नसते आणि आजी-आजोबांना विमानतळावर ताटकळावे लागत नाही. स्कॉटलंडमधील मंडळींना ग्रीनॉक किंवा रोसाइथ, उत्तरेकडील मंडळींना न्यूकॅसल किंवा लिव्हरपूल येथून निघणाऱ्या सफरी पाहता येतील. साउदॅम्प्टनला आदल्या दिवशी पोहोचलात तर सी सिटी म्युझियम पाहावे. १० एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक याच बंदरातून निघाली होती आणि तिच्यावरील खलाशांची हकीकत तिथे फार चांगली मांडली आहे. प्रवासाच्या आदल्या दिवशी टायटॅनिक नको, असे आमच्या सासूबाईंचे मत पडले, तो भाग वेगळा!

उन्हाळ्यातील सात रात्रींची नॉर्वेची सफर मुलांसाठी चांगली, कारण तिथे हातपाय हलवायला वाव आहे. स्टॅव्हॅन्गरजवळचा प्राइकस्टोलेन हा कडा पाण्यापासून ६०४ मीटर उंच आहे. सह्याद्रीत भटकलेल्या बाबांना मुलांपुढे शेखी मिरवायची ही संधी आहे, मात्र चढ-उतारास लागणारा वेळ आणि जहाज सुटण्याची वेळ यांचा मेळ आधी घालावा. ओलेसुंड गावात ४१८ पायऱ्या चढून आक्स्ला टेकडीवर जाता येते, त्याला पैसे पडत नाहीत. फिओर्डच्या आत पाणी शांत असते, म्हणून बोट लागणाऱ्यांनाही हा मार्ग बरा. उत्तर समुद्र ओलांडताना मात्र थोडे हलते.

भूमध्य समुद्रातील सफरीत ऊन आणि इतिहास दोन्ही मिळतात. नेपल्सहून लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पॉम्पेईला जाता येते. मार्सेलिसचे बंदर तर मराठी माणसाच्या ओळखीचे आहे. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात सावरकरांनी मोरिया बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली होती. पुस्तकात वाचलेली गोष्ट मुलांना त्या धक्क्यावर उभे राहून सांगितली तर ती ऐकतात, हा स्वानुभव आहे. रोमचे बंदर मात्र रोममध्ये नाही. चिविताव्हेक्कियाहून शहर सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. म्हणून जाहिरातीतील शहराचे नाव वाचून न थांबता बंदर नेमके कुठे आहे ते नकाशात पाहावे.

बोट लागते की नाही याचीच शंका असेल तर आधी तीन रात्रींची छोटी सफर करावी किंवा न्यूकॅसलहून ॲमस्टरडॅमजवळ जाणारी रात्रीची फेरी करून पाहावी. हजारो पौंड भरण्यापूर्वी शंभरांत परीक्षा झालेली बरी. भारतात जाणारच असाल तर मुंबईहून गोव्याला जाणारी कॉर्डेलियाची सफरही आहे. ही कंपनी सप्टेंबर २०२१ पासून चालू आहे. चुलत-मावस भावंडे बरोबर आली तर या मुलांना दुसरे काही लागत नाही. लक्षद्वीपला थांबणारी सफर असेल तर ब्रिटिश पासपोर्टधारकांनी, ओसीआय कार्ड असले तरी, परवान्याची चौकशी आधी करावी.

खरा खर्च किती?

जाहिरातीतील भाडे हा खर्चाचा पहिला आकडा असतो, शेवटचा नव्हे. चार माणसांच्या सात रात्रींच्या सफरीचा एक काल्पनिक हिशोब मांडू. आपले आकडे घालून तो पुन्हा करावा.

भाडे, माणशी १,१०० प्रमाणे : ४,४०० पौंड
बक्षिसी, माणशी रोज १४ प्रमाणे : ३९२
किनाऱ्यावरील दोन सहली, माणशी ६० प्रमाणे : ४८०
दोन फोनांसाठी वायफाय, रोज १२ प्रमाणे : १६८
दोन मुलांची शीतपेये, रोज ९ प्रमाणे : १२६
बंदरावरील पार्किंग : १२०
विमा : ११०
किरकोळ : २००
एकूण : ५,९९६ पौंड

म्हणजे भाड्यावर १,५९६ पौंड, एक तृतीयांशाहून अधिक! बक्षिसीचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा आहे. पी अँड ओने २०१९ पासून ती वेगळी घेणे बंद केले आणि मरेलाच्या भाड्यात ती धरलेली असते. इतर अनेक कंपन्या ती रोजच्या हिशोबाने खात्यावर लावतात. दोन जहाजांची तुलना करताना नुसते भाडे न पाहता शेवटची बेरीज पाहावी.

सहा हजारांची ही रक्कम दीड वर्ष आधी ठरवली तर महिन्याला ३३४ पौंड बाजूला पडतात. सुरुवातीला डिपॉझिट आणि उरलेली रक्कम साधारण तीन महिने आधी, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. शिल्लक रकमेची शेवटची तारीख विचारून लिहून ठेवावी, कारण ती चुकल्यास डिपॉझिट जाते.

मुलांच्या हाती पैसे कसे द्यावेत? जहाजावर रोख चालत नाही. प्रत्येकाला एक कार्ड मिळते आणि सर्व खर्च आईवडिलांच्या खात्यावर चढतो. खेळांच्या यंत्रांवर मुले एका संध्याकाळी चाळीस पौंड सहज उडवतात आणि त्यांना त्याची जाणीवही नसते. पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन मुलांच्या कार्डाला मर्यादा घालून घ्यावी. आम्ही दुसऱ्या सहलीत आठवड्याचे ७० पौंड ठरवून दिले होते आणि उरतील ते तुझे, असे सांगितले. मुलगी २६ पौंड घेऊन उतरली. ती काटकसर तिने घरी कधी दाखवली नव्हती!

फोनचे बिल ही वेगळीच गोष्ट आहे. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह यंत्रणेला जोडला गेला तर एका मेगाबाइटला काही पौंड लागू शकतात. युरोपातील रोमिंगची सवलत तिथे चालत नाही. जहाजावर पाय ठेवताच सर्वांचे फोन फ्लाइट मोडवर टाकावेत आणि मुलांचे आपण स्वतः तपासावेत.

भरलेले पैसे सुरक्षित कसे राहतील?

१०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत काही रक्कम क्रेडिट कार्डाने भरली असेल तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या ७५ व्या कलमाने कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. म्हणून डिपॉझिट तरी क्रेडिट कार्डाने भरावे आणि महिनाअखेर पूर्ण फेडावे. एजंटामार्फत घेताना कार्ड कंपनीकडे आधी खात्री करावी. विमानासह घेतलेल्या सफरीला ॲटॉलचे प्रमाणपत्र मिळायला हवे. बंदरातूनच निघणाऱ्या सफरीसाठी कंपनी आब्ताची सभासद आहे का ते पाहावे. २०१८ च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांनुसार पैसे भरल्यानंतर कंपनीने भाव ८ टक्क्यांहून अधिक वाढवला तर आपल्याला सफर रद्द करून पूर्ण पैसे परत मागता येतात.

पासपोर्ट आणि व्हिसा

सोळा वर्षांखाली काढलेला ब्रिटिश पासपोर्ट पाचच वर्षे चालतो. आईवडिलांचे दहा वर्षांचे असतात, त्यामुळे मुलांचा संपत आल्याचे ध्यानात राहत नाही. शेंगेन देशांत प्रवेश करताना पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा लागतो आणि तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असावा लागतो. विमानाने बार्सिलोना किंवा रोमला जाऊन बोट पकडणार असाल तर आणखी एक गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. त्यात छायाचित्र आणि बारा वर्षांपुढील सर्वांच्या बोटांचे ठसे घेतात. रांगेसाठी वेळ ठेवावा, शक्यतो आदल्या दिवशीच पोहोचावे.

घरात कोणी भारतीय पासपोर्टवर असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, मग बंदरावर चार तासच उतरायचे असले तरी. व्हिसा अनेक प्रवेशांचा मागावा, कारण जहाज शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ शकते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून आधी वेळ पाहावी, मग डिपॉझिट भरावे. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे आणि बारा वर्षांपुढील मुलांना पूर्ण शुल्क पडते. येथे कायम वास्तव्य असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांची प्लास्टिकची कार्डे २०२४ अखेर संपली. त्यांनी आपल्या ई-व्हिसाच्या खात्यात चालू पासपोर्टचा क्रमांक आहे ना ते तपासावे.

आपल्याकडे अनेक आयांच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव असते. आई किंवा वडील एकटे मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्या पालकाचे सहीचे संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर ठेवावा.

आरोग्य आणि विमा

जहाजावरील दवाखाना एनएचएसचा नसतो. साउदॅम्प्टन नजरेच्या टप्प्यात असले तरी तिथे प्रत्येक तपासणीचे पैसे पडतात. एनएचएसकडून मिळणारे जीएचआयसी कार्ड युरोपियन संघाच्या देशांतील सरकारी रुग्णालयांत उपयोगी पडते आणि ते फुकट मिळते. पण ते जहाजावर चालत नाही आणि रुग्णाला घरी आणण्याचा खर्चही देत नाही. म्हणून विमा हवाच, आणि तो क्रूझचा उल्लेख असलेला हवा. जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवणे, केबिनमध्ये अडकून पडणे आणि बंदर चुकणे या गोष्टी साध्या पॉलिसीत बहुधा नसतात. विमा डिपॉझिट भरल्याच्या दिवशीच घ्यावा, म्हणजे निघण्याआधीचे आजारपणही त्यात येते.

मधुमेह, रक्तदाब, दमा यांची माहिती लपवू नये. ‘गोळी घेतो, आता काही त्रास नाही’ असे म्हणून न सांगितलेला रक्तदाब नंतर सबंध दावा बुडवू शकतो. नेहमीच्या कंपनीने नाकारले किंवा फार हप्ता सांगितला तर मनीहेल्पर या सरकारी सेवेकडे आजार असलेल्यांना विमा देणाऱ्या कंपन्यांची यादी मिळते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा विमा त्यांनी निघण्यापूर्वी तिथेच काढावा आणि त्यात क्रूझ समाविष्ट आहे का ते विचारावे.

बोट लागू नये म्हणून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. सिनारिझिन किंवा हायोसिन असलेल्या गोळ्या येथे औषधांच्या दुकानात मिळतात. मुलाला इतर औषधे चालू असतील तर फार्मासिस्टला विचारून घ्याव्यात आणि बोट लागण्याआधी घ्याव्यात. आलेपाकाची डबी बरोबर असू द्यावी. सासूबाईंच्या अमृतांजनाचाही कोणाला त्रास झाला नाही!

जहाजावर पसरणारा उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस हातावर चोळायच्या जेलने नीट मरत नाही. जेवणापूर्वी साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत. त्रास झालाच तर तो थांबल्यावरही ४८ तास इतरांत मिसळू नये. दम्याचे इनहेलर, ॲलर्जीचे इंजेक्शन, इन्शुलिन या गोष्टी हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते. जेवणातील शाकाहार आणि शेंगदाण्याची किंवा इतर ॲलर्जी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावी. पी अँड ओच्या काही जहाजांवर सिंधू नावाचे भारतीय उपाहारगृह आहे, त्याचे पैसे वेगळे पडतात. साध्या वरणभातासाठी मात्र मुख्य भोजनगृहातील वाढप्याला एक दिवस आधी सांगून पाहावे. जहाजांवर गोवा, मुंबई आणि कोकणातले कर्मचारी बरेच असतात. दुसऱ्या सहलीत आमच्या टेबलाशी उभा असलेला तरुण आमचे बोलणे ऐकून हळूच म्हणाला, “काकू, उद्या आमटी सांगू का?”

मोकळीक आणि शिस्त

जहाजाचा मोठा फायदा हा की मुले मोकळी सोडता येतात आणि तरी ती फार लांब जाऊ शकत नाहीत. पण नियम निघण्यापूर्वी घरीच ठरवावेत. आमचे नियम पुढीलप्रमाणे होते :

१. रात्री ठरलेल्या वेळी केबिनमध्ये परत. अनेक जहाजांवर मध्यरात्रीनंतर मुलांनी एकटे फिरू नये असा जहाजाचाही नियम असतो.

२. दुसऱ्यांच्या केबिनमध्ये जायचे नाही आणि कोणाला आपल्या केबिनमध्ये आणायचे नाही. भेटायचे ते सर्वांच्या समोर.

३. युरोपातून सुटणाऱ्या जहाजांवर दारूसाठी साधारणतः १८ वर्षांची अट असते. मोठ्या मित्राच्या कार्डावर काही घ्यायचे नाही. पकडले गेल्यास सबंध कुटुंबाला पुढच्या बंदरावर उतरवू शकतात.

४. बाल्कनीच्या कठड्यावर चढायचे किंवा बसायचे नाही. पोहण्याच्या तलावावर बऱ्याच जहाजांत जीवरक्षक नसतो, तेव्हा एकट्याने पोहायचे नाही.

५. सुरक्षेची कवायत चुकवायची नाही. जानेवारी २०१२ मधील कोस्टा कॉन्कॉर्डियाच्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. गडबडीत कुठे भेटायचे ते मुलांनी पाठ करावे.

६. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यायचे, आणि टेबलावर फोन नाही.

याशिवाय एक गोष्ट आम्ही अनुभवाने शिकलो. मुलांच्या क्लबात पहिल्या रात्रीच गट जमतात. ‘दमलोय, उद्या जाईन’ म्हणणारे मूल तिसऱ्या दिवशी एकटे पडते. पहिल्या रात्री अर्धा तास तरी जाऊन ये, एवढा आग्रह जरूर धरावा. नंतर मात्र मागे लागू नये.

दुसऱ्या सहलीला आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नॉर्वेला गेलो. तारीख मुलीने निवडली होती आणि भाडे पहिल्यापेक्षा बरेच जास्त होते. पहिल्या रात्री ती तोंड वाकडे करून क्लबात गेली आणि साडेअकराला चार मैत्रिणी मिळवून आली. दिवसभर ती आम्हाला फारशी दिसली नाही. सातच्या जेवणाला मात्र रोज वेळेवर यायची, आणि दिवसभरात काय झाले ते आजीला आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. आजीही तिला आपल्या आगबोटीच्या गोष्टी सांगत असे. घरी दोघी इतका वेळ एका टेबलाशी बसल्याचे मला आठवत नाही.

या सप्टेंबरात मुलगी विद्यापीठात जाईल. पैसे जास्त गेले याची रुखरुख आता वाटत नाही. ज्यांची मुले तेरा-चौदा वर्षांची आहेत, त्यांनी आज रात्रीच्या जेवणाला हा विषय काढावा. जहाज नंतर पाहता येईल, आधी मुलांना विचारावे. आपण अशी सफर केली असेल तर आपला अनुभव मंडळाला जरूर कळवावा, म्हणजे इतर कुटुंबांनाही त्याचा उपयोग होईल.